बरणीवर नाव हवं

मागच्या अंकात मी एका वाक्यात लिहिलं होतं की 'नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही' असं छापलेली बाटली दिसली की माझा हात आपोआप चष्म्याकडे जातो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकते. नव्या वाचकांसाठी सांगते: वाईत तेहतीस वर्षं मी मेडिकलचं दुकान चालवलं. शिक्षणाने फार्मासिस्ट आणि घराण्याने वैद्याची मुलगी. त्यामुळे मला शिव्या दोन्ही बाजूंनी मिळतात.

प्रश्न : *ताई, मी ७१ वर्षांचा निवृत्त शिक्षक. आमच्या कुंपणावर गुळवेल आहे, सकाळी तिचा काढा घेतो. रात्री दुधातून अश्वगंधा. वीस वर्षांत दवाखान्याची पायरी चढलेलो नाही. आता जो तो म्हणतो की आयुर्वेदिक औषधांवर सरकारने कडक नियंत्रण आणावं, आणि तुमचाही सूर तोच. कोपऱ्यावर तंबाखूची पुडी मिळते, देशी दारूचं दुकान सरकारच्याच परवान्याने चालतं. त्यातून मरायला मी मोकळा, आणि अश्वगंधा घ्यायला मात्र सरकारची परवानगी? माझ्या पोटात काय जावं ते मी ठरवणार की मंत्रालय?* — श. कु., कोल्हापूर

उत्तर : सर, तुम्हीच ठरवणार. तुमच्या काढ्याच्या भांड्यापर्यंत कुठला कायदा पोचत नाही आणि पोचू नये, हे आधी सांगून टाकते.

आता आहे तो कायदा नेमका कुणाला धरतो ते बघा. औषधांचा मूळ कायदा १९४० चा. आयुर्वेदाचं वेगळं प्रकरण त्यात १९६४ मध्ये आलं. त्यानुसार आयुर्वेदिक औषध *बनवून विकणाऱ्याला* परवाना लागतो. घेणाऱ्याला नाही, आणि गंमत म्हणजे दुकानात नुसतं विकणाऱ्यालाही नाही. मला क्रोसिन ठेवायला परवाना लागायचा, त्रिफळा चूर्ण समोरचा किराणावालाही ठेवायचा. वैद्य स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः औषध करत असेल तर त्याला उत्पादनाच्या परवान्यातूनही सूट आहे. ग्रंथोक्त औषध करायचं तर नवे प्रयोग करून दाखवा असंही कुणी म्हणत नाही. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात ग्रंथांची यादीच दिली आहे, चरक-सुश्रुतापासून आपल्या शंकर दाजीशास्त्री पद्यांच्या 'आर्यभिषक्'पर्यंत. त्यातल्या पाठाप्रमाणे, म्हणजे लिहिलेल्या कृतीप्रमाणे, केलं की पुरे. ज्या देशाचा कायदा जुन्या पोथ्यांना इतका मान देतो तिथे आयुर्वेदाचा गळा आवळला जातोय, हे मला पटत नाही.

माझे वडील त्या सूट मिळालेल्या वैद्यांपैकी. वाईच्या ब्राह्मणशाही आळीतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत खल, सहाण, वस्त्रगाळ करायची फडकी आणि बरण्यांची रांग. बिबव्याचं काम निघालं की आम्हा पोरांना अंगणातही येऊ देत नसत. बिबवा माहीत आहे ना? धोबी कपड्यांवर खूण करायचा तोच. त्याचं तेल कातडीला लागलं तर फोड उठतात. वडील हाताला खोबरेल चोपडून, बिबवे विटेच्या भुकटीत घालून चोळत बसायचे. वीट तेल पिऊन घेते. मग गरम पाण्याने धुणं. हे झाल्याशिवाय बिबवा औषधात जात नसे. एकदा घाईत मनगटावर थेंब उडाला, तो डाग शेवटपर्यंत होता. बिबवा, वचनाग, कुचला, धोतरा, सगळं नैसर्गिकच. म्हणून तर कायद्यात अशा विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे, आणि ती ज्यात आहेत त्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' असं छापावं लागतं. ही काळजी आमच्या वडिलांना कुणा निरीक्षकाने शिकवलेली नव्हती. पण वडील औषध देत होते समोर बसलेल्या माणसाला, ज्याची त्यांनी नाडी धरली होती. हजार मैलांवरच्या कारखान्यातून आलेल्या डबीचं तसं नसतं.

आता माझीच चूक सांगते, म्हणजे मी नियमांच्या बाजूची कशी झाले ते कळेल.

साधारण १९९६ चा सुमार. एक प्रतिनिधी आला. सांधेदुखीचं चूर्ण, कागदी पुड्या, डब्यावर निरगुडीच्या झाडाचं चित्र. दहा डब्यांवर दोन फुकट. नाव, परवाना क्रमांक, सगळं छापलेलं होतं, फक्त घटकांच्या जागी 'दुर्मिळ जडीबुटी' असं काहीतरी मोघम. मी ठेवलं. तीन दिवसांत लोक परत येऊन आणखी मागायला लागले. बाई, काय गुण आहे म्हणून सांगू! मेणवलीकडचे एक शेतकरी तर वर्षभर घेत होते. गुडघे दुखायचे थांबले, भूक वाढली, गालावर तकाकी आली. मीही म्हणायचे, काका तब्येत सुधारली. ती तब्येत नव्हती हो, सूज होती. चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल, हातपाय मात्र काड्या. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं, आणि काउंटरपलीकडे वर्षभर बघूनही मला ओळखू आलं नाही.

त्या आषाढात ते वारीला गेले. पुड्या संपल्या, माळकरी माणूस म्हणाला आता माउलीच बघेल. चार-पाच दिवसांनी लोणंदच्या मुक्कामी चक्कर येऊन पडले, रक्तदाब हाताला लागेना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चेहरा बघूनच विचारलं, स्टिरॉइड कुठलं घेत होता? घरचे म्हणाले, काही नाही, फक्त आयुर्वेदिक. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, आणि एकदम बंद केलं की माणूस कोसळतो. हळूहळू कमी करत आणायचं असतं. पण आपण काय घेतोय हेच ज्याला ठाऊक नाही, तो कमी कसं करणार? उरलेला डबा मी औषध निरीक्षकांकडे नेऊन दिला. तपासणीत डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइडच, निघालं. काका वाचले. त्यानंतर माझ्या दुकानात कधी आले नाहीत, आणि मला त्यांच्या घरी जायचं धैर्य झालं नाही.

सर, तुम्ही म्हणता माझ्या पोटात काय जावं ते मी ठरवणार. काकांनीही ठरवलंच होतं की, निरगुडी घ्यायची म्हणून. त्यांचं स्वातंत्र्य सरकारने हिरावून घेतलं नाही, डबा भरणाऱ्याने घेतलं. तंबाखूच्या पुडीत तंबाखूच असतो आणि वर कॅन्सरचं चित्र असतं. तुमची तुलना तिथे लंगडी पडते. तंबाखू खाणारा निदान फसवला जात नाही.

तुमच्या गुळवेलीबद्दल एक शब्द. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. करोनाकाळात घरोघरी काढे उकळत होते, तेव्हाची गोष्ट. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल असं त्यांचं म्हणणं पडलं. खरं कोण हा वाद मी सोडवू शकत नाही, पण दोन्ही बाजू खऱ्या धरल्या तरी तुमच्यासाठी अर्थ एकच: कुंपणावरची वेल जाणत्याला दाखवून घ्या, आणि वर्षातून एकदा रक्ताची तपासणी करताना डॉक्टरांना काढ्याचं सांगा. आपले लोक नेमकं हेच सांगत नाहीत. 'कुठलं औषध चालू आहे?' 'काही नाही.' आणि पिशवीत चार बाटल्या.

प्रश्न : *मी पुण्यात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वादस्पर्धेत मला 'आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींवर निर्बंध नकोत' ही बाजू मिळाली आहे. दुकानदार म्हणून तुमचा अनुभव काय? शिवाय जाहिरात हीसुद्धा अभिव्यक्तीच ना?* — ऋ. जो., पुणे

उत्तर : बाजू अवघड मिळाली आहे बाळा, पण अगदीच लुळी नाही.

प्रतिपक्ष १९५४ चा कायदा काढेल, औषधे व जादूटोणा उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या परिशिष्टात ५४ आजार आहेत. मधुमेह, कॅन्सर, मोतीबिंदू, मूतखडा, फेफरं, लठ्ठपणा, इतकंच काय उंची वाढवणंसुद्धा. यांवर अमुक औषधाने गुण येतो अशी जाहिरात करायची नाही. हे फक्त आयुर्वेदाला लागू नाही, सगळ्याच पॅथींना आहे, आणि ताईत-मंत्र-कवचांनाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आता एसटी स्टँडवरच्या भिंती आठव आणि मोज किती जणांना कैद व्हायला हवी होती!

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या डिसेंबरात देऊन ठेवलं आहे, हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात. युनानी औषधांची कंपनी म्हणाली, हा कायदा आमच्या भाषणस्वातंत्र्यावर घाला आहे. न्यायालय म्हणालं, असल्या औषधांची जाहिरात हा धंदा आहे, विचार मांडणं नव्हे. पण निकाल तिथेच संपत नाही, आणि तुझा दारूगोळा इथे आहे. त्याच निकालात न्यायालयाने कायद्याचे दोन तुकडे रद्द केले. सरकारला वाटेल तो आजार यादीत घालण्याची मोकळीक होती, ती गेली, कारण कशाच्या आधारावर घालायचा याचा निकष कायद्यात नव्हता. आणि माल जप्त करण्याचं जे मोकाट कलम होतं तेही गेलं. म्हणजे विकणाऱ्याच्या तोंडाला आवर घाला, पण सरकारच्या हातालाही. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेसच्या खटल्यात न्यायालयाने व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे असं म्हटलं; खोट्या जाहिरातीला मात्र नाही. हे दोन निकाल नीट वाचलेस तर परीक्षकांना घाम फुटेल.

मग नियम १७० ची कथा. २०१८ च्या डिसेंबरात आलेला हा नियम म्हणत होता की आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधाची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने राज्यांना कळवलं की या नियमाखाली कारवाई करू नका. तिकडे इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध २०२२ मध्ये केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. २०२४ मध्ये कंपनीला वर्तमानपत्रांतून माफी मागावी लागली ते तू वाचलं असशील. त्याच वर्षी जुलैत सरकारने नियम १७० वगळला, ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते प्रकरण बंद केलं. १९५४ चा कायदा मात्र जागच्या जागी आहे.

माझं मत विचारलंस तर आधी-मंजुरीच्या बाबतीत मन दोन्हीकडे ओढतं. मंजुरीची रांग लागली की मोठी कंपनी तिच्यासाठी माणूस नेमते आणि गावातला आसव-अरिष्टं करणारा छोटा कारखानदार फायलीमागे चपला झिजवतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ही तुझी बाजू. पण मंजुरी नको म्हटलं की 'सात दिवसांत शुगर नॉर्मल'ची जाहिरात सहा महिने चालते, तक्रार होते, नोटीस जाते, आणि तोवर कुणीतरी इन्सुलिन बंद करून बसलेलं असतं. आमच्याकडे एक शिंपीकाका होते. पायाचा अंगठा गेला. त्यांनी जाहिरातीचा कात्रणकागद लॅमिनेट करून ठेवला होता. ही प्रतिपक्षाची बाजू. त्याला सांगू नकोस.

प्रश्न : *मुलगी न्यू जर्सीला असते. दुसरा महिना चालू आहे. तिच्यासाठी ओळखीच्या एकांकडून गर्भपोषक गोळ्या घेऊन पाठवणार होते, पण ती म्हणते आई, डॉक्टर नको म्हणतात. तिकडे तर सगळी औषधं उघड्यावर मिळतात म्हणे, व्हिटॅमिनच्या बरण्याच्या बरण्या. मग आपल्याच गोळ्यांचं वावडं का?* — सौ. सु. प., नाशिक

उत्तर : वहिनी, या वेळी लेकीचं ऐका. गोळ्या पाठवू नका.

कारण सांगते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, आणि धागा निघाला भारतातून आलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांपर्यंत. शिसं आईकडून बाळाकडे जातं आणि बाळाच्या मेंदूला बाधतं. त्याआधी २००४ मध्ये बोस्टनच्या दुकानांतून उचललेल्या ७० दक्षिण आशियाई औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं. पाचातलं एक. तो अभ्यास छापून आल्यावर आपल्याकडे धावपळ झाली आणि १ जानेवारी २००६ पासून परदेशी जाणाऱ्या वनस्पतीजन्य आयुर्वेदिक मालाला जड धातूंची तपासणी सक्तीची झाली. शिसं दहा लाखात दहा भागांहून जास्त नको, पारा एकाहून जास्त नको, असं. मी तेव्हा दुकानात मोठ्याने म्हणाले होते, म्हणजे अमेरिकेच्या बाईच्या पोटासाठी सक्ती आणि आमच्या शेजारच्या पसरणी गावातल्या बाईचं काय? ती चीड अजून गेलेली नाही.

आणि 'ओळखीच्या एकांकडून' हे तुमचे शब्द पुन्हा वाचा. डबीवर नाव, बॅच, परवाना, घटक काही नाही, असंच ना?

राहता राहिल्या अमेरिकेतल्या बरण्या. तिथे १९९४ चा कायदा आहे. पूरक आहार म्हणून विकायचं तर आधी सरकारची मंजुरी लागत नाही. माल बाजारात येतो आणि तो घातक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर. एफेड्रा नावाच्या वनस्पतीच्या वजन घटवायच्या गोळ्या तशाच खपत होत्या. लोक दगावले, २००३ मध्ये एक तरुण बेसबॉल खेळाडू गेला, आणि बंदी आली २००४ मध्ये. म्हणजे कायदा होऊन दहा वर्षं. युरोपने उलट टोक धरलं: पारंपरिक वनौषधी म्हणून नोंदवायचं तर तीस वर्षांच्या वापराचा पुरावा द्या, त्यातली पंधरा वर्षं युरोपातलीच. आमच्या दोन हजार वर्षांच्या त्रिफळ्याने पंधरा वर्षांचा दाखला कुठून आणायचा? हे मला उद्धटपणाचं वाटतं. पण गरोदर लेकीसाठी मला त्या दोन टोकांपैकी एक निवडायला सांगितलं तर मी उद्धट टोक निवडेन.

तिला डिंकाचे लाडू पाठवा, तेही बाळंतपणानंतर.

प्रश्न : *हाडं दुखतात म्हणून डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची पावडर दिली होती, साठ हजारची. बरं वाटलं म्हणून चिठ्ठी संपल्यावरही दुकानातून आणून रोज एक घेते. व्हिटॅमिन आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल ना?* — मं. शि., बारामती

उत्तर : आजच बंद करा आणि उद्या कॅल्शियमची व किडनीची तपासणी करून घ्या. हे उत्तर अंकाची वाट बघत बसलं नाही, मी संपादकांकडून तुमचा पत्ता घेऊन पोस्टकार्ड टाकलं आहे.

इतर वाचकांसाठी: लघवीवाटे जातं ते बी आणि सी. डी चरबीत साठतं. आपल्याकडे मोठ्या माणसाची रोजची गरज धरली आहे ६०० एककांची. साठ हजारची एक पुडी म्हणजे शंभर दिवसांचा शिधा. ती आठवड्यातून एकदा, काही आठवडेच द्यायची असते. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, भ्रम, आणि किडनी थकते. काउंटरवर मी पुडीवर निळ्या पेनने 'रविवार' असं लिहून द्यायचे. एवढ्याने कितीतरी घोळ टळले. इथे तर पुडीवर सगळं खरं छापलेलं होतं. खोटं कुणीच बोललं नाही, फक्त दुकानदाराने तोंड उघडलं नाही.

प्रश्न : *केसांसाठी बायोटिन घेतो. डब्यावर हेल्थ सप्लिमेंट लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात औषधी वापरासाठी नाही. मग घेऊ की नको? माझ्याकडे अश्वगंधाच्या दोन डब्या आहेत, एकीवर आयुर्वेदिक औषध, दुसरीवर हेच सप्लिमेंट. वेगळ्या का?* — तु. मो., ठाणे

उत्तर : झाड एकच, दरवाजे दोन. पहिली डबी औषधांच्या कायद्याच्या दाराने आली, तिच्यावर आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना क्रमांक असेल. दुसरी अन्नाच्या दाराने. तिच्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी क्रमांक बघ. अन्न म्हणून आलेलीने रोग बरा करतो म्हणायचं नाही, म्हणून ते बारीक अक्षर. कारखानदार ज्या दाराने जकात कमी त्या दाराने येतो, त्यात नवल नाही. मुळाची अश्वगंधा आहे की पानांची, तेवढं वाच. पानांच्या वापराविरुद्ध आयुष मंत्रालयानेच २०२१ मध्ये सूचना काढली आहे. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधाच बंद केली. तो मला अतिरेक वाटतो.

बायोटिन घे बापडा, पण रक्ततपासणीच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेव आणि लॅबला सांग. थायरॉइडचे आणि हृदयविकारातल्या ट्रोपोनिनचे आकडे त्याने चुकू शकतात. केस येतील की नाही ते वडिलांच्या डोक्याकडे बघून ठरव.

प्रश्न : *मी बी.ए.एम.एस., बावीस वर्षं व्यवसाय. तुमचं सदर वाचून वाटतं की भेसळ काय ती आयुर्वेदातच होते. माझ्या गावात माझ्या औषधाने कुणी मेलेलं नाही. तुम्ही स्वतः वैद्याच्या पोटी जन्मलात, निदान तुम्ही तरी.* — वैद्य ना. ग., लातूर जिल्हा

उत्तर : वैद्यराज, बोलणं लागलं, आणि त्यात तथ्य आहे.

१९८६ साली मी डी. फार्म. होऊन नुकती बाहेर पडत होते तेव्हा मुंबईत जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण गेले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला, त्याच्या कामकाजाच्या बातम्या आम्ही वर्गमित्र एकमेकांना वाचून दाखवायचो. ते काही आयुर्वेदिक नव्हतं. आणि तेच विष २०२२ मध्ये गॅम्बियात पोरांच्या खोकल्याच्या औषधात पुन्हा निघालं, आपल्याच देशातून गेलेल्या. तेव्हा भेसळीला पॅथी नसते, हे मी आधीच लिहायला हवं होतं. फरक असलाच तर तो इतका की तिथे बाटलीत काय असायला हवं होतं ते बाटलीवर छापलेलं होतं, म्हणून चोरी पकडता आली.

आता वैद्याच्या पोटी जन्मल्याचं म्हणता, तर वडिलांचंच सांगते. बिबवा विटेत चोळणारा हा माणूस रुग्णाला औषधात काय आहे ते कधी सांगत नसे. 'तुला गुण हवा की पाठ हवा?' म्हणायचे. मी फार्मसीला गेल्यावर आमची यावरून भांडणं व्हायची. बाबा, पुडीवर नुसतं नाव तरी लिहा. ते म्हणायचे, तुझ्या दुकानातल्या गोळ्यांची नावं तुझ्या गिऱ्हाइकांना कळतात का? याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

२००३ मध्ये ते गेले. पडवीत एक चिनी मातीची बरणी होती, मिऱ्याएवढ्या काळ्या गोळ्यांची, दम्यावर द्यायचे. पाठ कुठे लिहिलेला नव्हता. वहीत फक्त 'का. गो. २, आल्याच्या रसातून' एवढंच. तेराव्यानंतर जोर गावाहून एक म्हातारी आली, डोंगर उतरून, बसने. वैद्यबुवा गेले तर गेले म्हणाली, गोळ्या असतील त्या दे, माझा श्वास त्यांच्यावर चालतो. मी बरणी उघडली. वासावरून पिंपळी ओळखू आली, आणखी काहीतरी कडवट होतं. वचनाग असेल, नसेलही. मी म्हातारीला परत पाठवलं, सरकारी दवाखान्याची चिठ्ठी देऊन. ती पायरीवर बराच वेळ बसून होती.

बरणी अजून माळ्यावर आहे. तुम्ही कधी वाईला आलात तर दाखवते. ओळखता आलं तर वर चिठ्ठी लावून ठेवू.